काळ्या पतंगाची नोंद

दर पावसाळ्यात वृत्तपत्रांच्या जिल्हा पुरवण्यांतून एक बातमी हमखास वाचायला मिळते. अमुक तालुक्यातील तमुक गावी 'दुर्मीळ' पतंग आढळला. सोबत एखाद्या घराच्या भिंतीवर पंख पसरून निवांत बसलेल्या ॲटलास पतंगाचे छायाचित्र असते. पुढच्या वर्षी गाव बदलते, छायाचित्र बदलते, विशेषण मात्र तेच राहते. दरवर्षी आढळणारा हा पतंग दरवर्षी दुर्मीळच कसा राहतो, असा प्रश्न कोणी विचारत नाही. खरे तर एखादी गोष्ट दुर्मीळ आहे असे म्हणायचे, तर ती कुठे, केव्हा आणि किती वेळा दिसली याचा हिशेब कुणीतरी ठेवलेला असावा लागतो. हिशेब नसेल तर 'दुर्मीळ' या शब्दाचा अर्थ 'मी याआधी पाहिला नव्हता' एवढाच उरतो.

असा हिशेब जवळजवळ पावणेदोनशे वर्षे ठेवला गेला, अशा एका पतंगाचा इतिहास येथे मांडायचा आहे. मराठीचे अध्यापन करणाऱ्या आमच्यासारख्यांनी कीटकांच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण थोडे संकोचाचे आहे. या पतंगाविषयी आम्ही एकदा भर वर्गात चुकीचे विधान केले होते, तेही पूर्ण आत्मविश्वासाने. त्या विधानाकडे यथावकाश येऊच. आधी पतंगाची ओळख करून घेऊ.

इंग्रजीत त्याला 'पेपर्ड मॉथ' म्हणतात. पांढुरक्या पंखांवर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके असतात म्हणून हे नाव पडले. आपण त्याला मिरपुडी पतंग म्हणू. त्याचे शास्त्रीय नाव 'बिस्टन बेट्युलारिया'. त्यातले 'बेट्युला' म्हणजे बर्चचे झाड. आपल्या भूर्जपत्राचा भूर्ज हा त्याच कुळातला वृक्ष असून 'बर्च' आणि 'भूर्ज' हे शब्दही भाषिक नात्याने भाऊबंद आहेत. हा पतंग रात्री उडतो आणि दिवसा झाडाच्या सालीला चिकटून निश्चल बसतो. इंग्लंडातील ओलसर रानांत झाडांच्या सालीवर दगडफुलाचे पांढुरके थर असत. आपण गोडा मसाल्यात घालतो त्याच जातकुळीतले. त्या थरांवर बसलेला मिरपुडी पतंग पक्ष्यांच्या नजरेला सहजासहजी पडत नसे.

या पतंगाचा एक पूर्ण काळा प्रकारही आहे. मँचेस्टर परिसरात तो १८४८ साली आढळला, असे पाठ्यपुस्तकांत सांगितले जाते. परंतु ही नोंद छापली गेली ती सोळा वर्षांनी, १८६४ मध्ये. नोंद करणारे रॉबर्ट स्मिथ एडल्स्टन हे हौशी संग्राहक होते. कीटकशास्त्राच्या एका नियतकालिकात त्यांनी काही ओळींचे टिपण पाठवले. त्याचा आशय असा, की सोळा वर्षांपूर्वी हा काळा प्रकार जवळपास कोणाला ठाऊक नव्हता. पुढे तो अनेकांना मिळू लागला. आता आपल्या बागेत माद्या ठेवल्या, तेव्हा त्यांच्या ओढीने आलेल्या नरांत बहुसंख्य काळेच निघाले. हे असेच चालले तर काही वर्षांत या भागातून मूळचा पांढुरका प्रकार नाहीसा होईल, अशी शंकाही त्यांनी नोंदवून ठेवली.

या टिपणात सिद्धान्त नाही, कारणमीमांसा नाही. ठिकाण आहे, काळ आहे, आपल्याला वाटलेले आश्चर्य आहे आणि एक सावध अंदाज आहे. डार्विन यांचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' प्रसिद्ध होऊन तेव्हा पाचच वर्षे झाली होती. पण या टिपणाचा आणि त्या ग्रंथाचा संबंध कोणाच्याही ध्यानात आला नाही. पुढे १८७८ मध्ये अल्बर्ट फार्न या दुसऱ्या हौशी संग्राहकाने वेगळ्याच एका पतंगाबद्दल खुद्द डार्विन यांना पत्र लिहिले. काळ्या मातीवर काळे आणि खडूच्या पांढऱ्या टेकड्यांवर पांढरे पतंग आढळतात, आणि धुराने टेकड्या काळवंडल्यापासून तेथील पांढरे कमी होत आहेत, असे त्याने कळवले होते. डार्विन यांनी त्यावर काही लिहिल्याचे आढळलेले नाही. पुरावा टपालाने दारात आला आणि तसाच पडून राहिला.

एडल्स्टन यांचे टिपण छापले गेले ते १८६४ हे साल मराठी वाचकाला परके वाटू नये. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता आणि त्याची उणीव भरून काढण्यासाठी मुंबई बंदरातून कापसाच्या गाठी रवाना होत होत्या. मुंबईतील शेअरबाजाराचा तो सुप्रसिद्ध ज्वर याच वर्षांतला. ज्या गिरण्यांसाठी आपल्याकडचा कापूस जहाजांवर चढत होता, त्यांच्याच धुराड्यांच्या काजळीने मँचेस्टरभोवतीची झाडे काळी पडत होती. कोळशाच्या धुरातील गंधकाने दगडफूल मरत होते आणि उघड्या पडलेल्या सालीवर काजळी बसत होती. त्या काळ्या सालीवर पांढुरका पतंग दुरूनही दिसे. काळा मात्र लपून जाई.

पुढील तीस वर्षांत एडल्स्टन यांचा अंदाज जवळजवळ खरा ठरला. १८९५ च्या सुमारास मँचेस्टरमध्ये शंभरांतले अठ्ठ्याण्णव पतंग काळे होते. एके काळी संग्राहकांना ज्याचे अप्रूप होते तो प्रकार आता सर्वत्र दिसत होता, आणि ज्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नसे तो पांढुरका त्या भागात दुर्मीळ झाला होता.

येथे नावांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. शास्त्रज्ञांनी पांढुरक्या प्रकाराला 'टिपिका' आणि काळ्या प्रकाराला 'कार्बोनारिया' अशी नावे दिली. 'टिपिका' म्हणजे प्रातिनिधिक, नमुनेदार. 'कार्बोनारिया' म्हणजे कोळशासारखा. पण मँचेस्टरमध्ये ज्या वेळी शंभरांतले दोनच पतंग पांढुरके उरले, त्या वेळीही नाव 'टिपिका' हेच राहिले. प्रातिनिधिक ठरवलेला प्रकार कोणाचेच प्रतिनिधित्व करीत नव्हता. वाङ्मयेतिहासातील कालखंडांची आणि संप्रदायांची नावे शिकवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. एकदा पडलेले नाव वस्तुस्थिती बदलली तरी सहसा हलत नाही.

बदलाची कारणमीमांसा प्रथम जे. डब्ल्यू. टट यांनी १८९६ मध्ये केली. पक्षी झाडांवरचे पतंग टिपतात, जो नजरेस पडतो तो आधी खाल्ला जातो, आणि काजळीने पार्श्वभूमी बदलल्यामुळे पारडे काळ्याच्या बाजूने झुकले, असे त्यांचे म्हणणे होते. मग १९२४ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी गणित मांडले. या पतंगाची वर्षाला एकच पिढी होते. सुमारे पन्नास पिढ्यांत नगण्य संख्येवरून जवळजवळ सर्वस्वी बहुमतापर्यंत पोहोचायचे असेल, तर पांढुरक्याची जेवढी प्रजा टिकते त्याच्या दीडपट काळ्याची टिकली पाहिजे. नैसर्गिक निवड ही लाखो वर्षांनी परिणाम दाखवणारी अतिसंथ प्रक्रिया होय, अशी समजूत असलेल्या काळात हा आकडा अविश्वसनीय होता. हाल्डेन यांनी त्यासाठी स्वतः एकही पतंग धरला नव्हता. त्यांचा सारा आधार हौशी मंडळींनी लिहून ठेवलेल्या नोंदींवर होता.

प्रत्यक्ष प्रयोग केला तो बर्नार्ड केटलवेल यांनी. पेशाने डॉक्टर असलेले केटलवेल पतंगांच्या ओढीने ऑक्सफर्डला ई. बी. फोर्ड यांच्याकडे आले. १९५३ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या रानात आणि १९५५ मध्ये डॉर्सेटमधील स्वच्छ रानात त्यांनी दोन्ही प्रकारांचे पतंग खुणा करून सोडले आणि रात्री पुन्हा पकडून मोजले. बर्मिंगहॅमला काळे पतंग पांढुरक्यांच्या दुप्पट प्रमाणात परत मिळाले. डॉर्सेटमध्ये नेमके उलट झाले. पुढे नोबेल पारितोषिक मिळालेले निको टिनबर्गेन यांनी पक्षी पतंग टिपत असल्याचे चित्रीकरणही केले. केटलवेल यांनी १९५९ मध्ये या साऱ्याचे वर्णन करताना डार्विन यांना न सापडलेला पुरावा अशा अर्थाचे शब्द वापरले. तेव्हापासून झाडाच्या सालीवर शेजारी शेजारी बसलेल्या एका काळ्या आणि एका पांढुरक्या पतंगाचे छायाचित्र जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. आपल्यापैकी अनेकांनी शालेय वयात ते पाहिले असेल.

याच सुमारास गोष्टीने दुसरे वळण घेतले. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर विषारी धुरके साचून हजारो माणसे दगावली आणि १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा झाला. धुराडी शांत होऊ लागली, झाडांच्या साली उजळू लागल्या. या बदलाची नोंद ठेवणाऱ्यांत सिरिल क्लार्क यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. आई आणि बाळ यांच्या रक्तगटांतील विसंगतीमुळे नवजात बालकांना होणारा आजार टाळण्याच्या उपायासाठी हे डॉक्टर प्रसिद्ध आहेत. लिव्हरपूलजवळ कॅल्डी येथे ते १९५९ पासून दरवर्षी दिव्याचा सापळा लावून मिरपुडी पतंग मोजत राहिले. पहिल्या वर्षी शंभरांत नव्वदांहून अधिक काळे होते. १९९५ पर्यंत ते प्रमाण विसाच्या आत आले. अमेरिकेत मिशिगनमध्येही साधारण त्याच काळात तशीच घसरण दिसली. आज ब्रिटनमध्ये काळा मिरपुडी पतंग सापडणे ही पुन्हा अप्रूपाची बाब झाली आहे. दीडशे वर्षांत तो दुर्मीळ, मग सार्वत्रिक आणि परत दुर्मीळ झाला; आणि हे सारे आपल्याला ठाऊक आहे, कारण प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी मोजत होते.

आता आमच्या चुकीकडे वळू.

१९९८ मध्ये केंब्रिजचे मायकेल मॅजेरस यांचा पतंगांच्या काळेपणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी केटलवेल यांच्या प्रयोगातील उणिवा स्पष्टपणे मांडल्या होत्या. पतंग दिवसा, हाताने झाडांच्या खोडांवर ठेवले गेले. निसर्गात ते बहुधा वर फांद्यांवर बसतात. एकाच जागी प्रमाणापेक्षा अधिक पतंग सोडले गेले. पाठ्यपुस्तकांतील छायाचित्रांपैकी अनेक तर मुद्दाम पतंग मांडून, कधी मेलेले चिकटवून, घेतलेली होती. तरीही सर्व पुरावा तपासून मूळ निष्कर्ष योग्यच आहे, असा मॅजेरस यांचा निर्वाळा होता. या ग्रंथावर जेरी कॉइन यांनी 'नेचर'मध्ये परीक्षण लिहिले. लहानपणी नाताळची भेट सांताक्लॉज नव्हे तर वडील आणतात हे कळल्यावर जशी निराशा झाली, तशीच आता झाली, असा त्यांचा सूर होता. २००२ मध्ये ज्यूडिथ हूपर यांच्या पुस्तकाने एक पाऊल पुढे टाकले आणि केटलवेल यांच्या आकड्यांवरच संशयाची छाया धरली. उत्क्रांतीच्या विरोधकांना एवढे पुरेसे होते. त्यांनी सगळी कहाणीच बनावट असल्याचा गाजावाजा केला.

२०११ च्या पावसाळी सत्रात एम.ए.च्या वर्गाला अनुवादाच्या तासाला आम्ही एक विज्ञानविषयक उतारा दिला होता. त्यात या पतंगाचा उल्लेख आला. एका विद्यार्थिनीने शाळेत शिकलेले आठवून सांगितले. त्यावर आम्ही, काहीशा ज्येष्ठपणाच्या सुरात, "ती गोष्ट आता खोटी ठरली आहे" असे सांगून मोकळे झालो. एवढ्यावर थांबलो नाही. पाठ्यपुस्तकातील संहिता कशी रचलेली असते, छायाचित्रही कसे खोटे बोलते, सत्य म्हणजे अखेर कथनच कसे असते, यावर उरलेला तास आम्ही रंगवला. वर्ग प्रभावित झाला. आम्हीही थोडे झालोच.

आमचा आधार काय होता? हूपर यांच्या पुस्तकावरील एका परीक्षणावर कोणीतरी लिहिलेला लेख. हूपर आम्ही वाचल्या नव्हत्या, मॅजेरस वाचले नव्हते, केटलवेल यांचे मूळ निबंध तर दूरच. समीक्षेच्या तासाला मूळ संहितेकडे जा, असे विद्यार्थ्यांना बजावणारे आम्ही परीक्षणाच्या परीक्षणावर विसंबून निकाल देत होतो. २००५ मध्येच डेव्हिड रज या अभ्यासकाने हूपर यांच्या आरोपाची तपासणी करून लबाडीला पुरावा नाही असे दाखवले होते, हेही आम्हाला माहीत नव्हते.

त्याहून अधिक लाजवणारी गोष्ट पुढे कळली. आम्ही कथनाच्या अस्थिरतेवर बोलत होतो, त्याच्या कितीतरी आधी मॅजेरस यांनी आपल्या शंकांचे काय करायचे ते ठरवले होते. त्यांनी प्रयोग पुन्हा करायचे मनावर घेतले. जागा निवडली ती केंब्रिजमधील स्वतःच्या घरामागची बाग. २००१ पासून सात वर्षे हे काम चालले. निसर्गतः पतंग कुठे बसतात हे त्यांनी आधी पाहिले. झाडांवर चढून शोधलेल्या १३५ पतंगांपैकी निम्म्याच्या आसपास फांद्यांवर आणि एक तृतीयांशाहून अधिक खोडांवर होते. म्हणजे खोडावर पतंग बसतच नाहीत, हा आक्षेपही अर्धाच खरा होता. मग रात्री पतंगांना जाळीच्या आवरणात सोडून जागा त्यांची त्यांना निवडू दिली, पहाटे आवरणे काढली आणि घराच्या खिडकीतून दुर्बिणीने पक्ष्यांवर पाळत ठेवली. एकूण ४,८६४ पतंग सोडले गेले. उजळलेल्या सालींच्या त्या बागेत पक्ष्यांनी काळे पतंग अधिक खाल्ले, आणि ते इतक्या प्रमाणात, की काळ्यांची घसरण त्यातून समजावी.

मॅजेरस यांनी २००७ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे हे निष्कर्ष मांडले. निबंध लिहून प्रसिद्ध करण्याआधीच २००९ च्या जानेवारीत त्यांचा मृत्यू झाला. कुक, ग्रँट, सॅकेरी आणि मॅलेट या चौघांनी त्यांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये हे काम प्रसिद्ध केले. दुसऱ्याच्या वहीतील आकडे नीट वाचता आले, कारण ते नीट लिहिलेले होते. पुढे २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी काळेपणाला कारण ठरलेला बदल जनुकातच शोधून काढला. 'कॉर्टेक्स' नावाच्या जनुकात जागा बदलणारा एक तुकडा येऊन बसला होता, आणि त्यांच्या गणिताप्रमाणे हे १८१९ च्या सुमारास घडले असावे. म्हणजे पाठ्यपुस्तकातील १८४८ च्या आधी जवळजवळ तीस वर्षे तो काळा पतंग कुठेतरी उडत असला पाहिजे. अस्तित्व आणि नोंद यांच्यातले हे अंतर इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. २०१८ मध्ये एक्सिटर विद्यापीठातील अभ्यासकांनी पक्ष्यांच्या दृष्टीला हे पतंग कसे दिसतात याचे मोजमाप करून, स्वच्छ रानात पांढुरक्या प्रकाराची टिकून राहण्याची शक्यता २१ टक्क्यांनी अधिक असल्याचे दाखवले.

मग आमचे विधान किती चूक होते? छायाचित्रे मांडलेली होती, हे खरे. प्रयोगात उणिवा होत्या, हेही खरे. परंतु पुराव्यात उणीव आहे आणि निष्कर्ष खोटा आहे, या दोन विधानांमध्ये सात वर्षांचे काम असते. ते काम मॅजेरस यांनी केले. आम्ही ते न करता एका विधानावरून दुसऱ्यावर उडी मारली, आणि त्या उडीला चिकित्सक दृष्टी असे नाव दिले. मानव्यशास्त्रांच्या वर्गांत ही उडी फार लोकप्रिय आहे. शंका उपस्थित करणे हा आपल्याला शेवट वाटतो. मॅजेरस यांच्या लेखी ती सुरुवात होती.

या कहाणीतील हाल्डेन यांचा उत्तरार्ध भारतातला आहे. १९५७ मध्ये ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले. महागड्या उपकरणांवाचून, नीट पाहून आणि मोजून खरे संशोधन होऊ शकते, असे ते येथील तरुणांना सांगत. त्यांचे विद्यार्थी कृष्ण द्रोणमराजू यांनी घाणेरीच्या निरनिराळ्या रंगांच्या फुलांपैकी कोणत्या फुलावर कोणते फुलपाखरू बसते ते मोजले आणि त्यावर 'नेचर'मध्ये निबंध लिहिला. घाणेरी आपल्याकडे प्रत्येक बांधावर आहे. आपल्या काव्यपरंपरेतही पतंग पुष्कळ आहेत. पण ते सारे एकाच दिव्यावर झेप घेऊन जळून जातात. तो कोणता होता, कोणत्या महिन्यात आला, मागच्या वर्षी आला होता का, हे कवीने सांगावे अशी अपेक्षा नाही. निदान बातमी देणाऱ्याने तरी ते सांगायला हरकत नसावी.

पुढच्या एका सत्रात आम्ही तोच उतारा पुन्हा वर्गाला दिला, आणि या वेळी आधीच्या वर्षीची आपली चूकही सांगितली. ते ऐकणारी तुकडी मात्र वेगळी होती. २०११ च्या वर्गातील अनेकजण आज स्वतः अध्यापन करतात. त्यांच्यापैकी कोणीतरी कुठल्यातरी वर्गात, आमच्याच सुरात, ती गोष्ट खोटी ठरली आहे असे सांगत असेल, ही शक्यता आम्हाला स्वस्थ बसू देत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. तो त्यांच्यापर्यंत पोहोचला, तर त्यांनी आमचेही म्हणणे तपासून घ्यावे.